झिऱ्यावरचे खूर : चिखलदऱ्याच्या पठारावर दोन दिवस

पाडव्याचं गायगोधन झालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच भाचा आणि मी अंजनगावहून मोटरसायकलनं निघालो. सोबत भाकरी-झुणका, पाण्याच्या दोन बाटल्या आणि वर-खाली कापून नळीसारखा केलेला तेलाचा रिकामा डबा. डब्याचं काम पुढं येईल.

भाचा ऑस्ट्रेलियात, कॅनबेरा शहरात राहतो. काम कॉम्प्युटरचं. पण सुटीच्या दिवशी तो तिथल्या डोंगरावर दलदलीची डागडुजी करणाऱ्यांसोबत जातो. मागच्या उन्हाळ्यात फोनवर म्हणाला होता, "मामा, आमच्याकडचा डोंगर घोड्यांनी तुडवला. तुम्ही चिखलदऱ्याला जाता तेव्हा झिऱ्यांकडं पाहत जा." मी हो म्हणालो आणि विसरलो. लहानपणापासून तिथं जातोय, मला काय नवीन दिसणार, असं वाटलं होतं. यंदा तो दिवाळीला आला आणि मला घेऊनच गेला.

रस्त्याचं आधी सांगून टाकतो. रेल्वेनं येणाऱ्यांनी बडनेऱ्याला उतरावं. अमरावतीहून परतवाडा साधारण 50 किलोमीटर, आणि तिथून धामणगाव गढीच्या रस्त्यानं वर चढायला आणखी तीसेक. घटांगकडूनही वर जाता येतं, तो रस्ता लांबचा, पण जंगल जास्त दिसतं. एसटी अमरावती आणि परतवाडा, दोन्हीकडून मिळते. पेट्रोल परतवाड्यातच भरून घ्या. घाटात सकाळी धुकं असतं, वळणावर ढोरं बसलेली असतात, त्यामुळं दिवा लावून आणि सावकाश. दिवाळीच्या आठवड्यात मुक्कामाची जागा आधी सांगून ठेवल्याशिवाय वर जाऊ नका. आम्हाला एका ओळखीच्या घरी अंथरूण मिळालं म्हणून निभावलं.

पॉइंट, किल्ला, भीमकुंड याबद्दल मी लिहीत नाही, त्यावर भरपूर लिहिलेलं आहे. आम्ही गेलो ते मोथा गावाच्या बाजूचं उघडं पठार. इकडं पर्यटक फारसा येत नाही. गाड्या गावात लावायच्या, कोणाला तरी सांगून जायचं, आणि गवळ्यांच्या पायवाटेनं चालायचं. गावाची चराई संपते तिथं वनखात्याची हद्द लागते. ती ओलांडायची नाही. अस्वलाचा भाग आहे, म्हणून उजाडल्यावर निघावं आणि दिवस मावळायच्या आत गावात परत यावं. पायात बूट हवेत, आणि लोकरी मोजे अजिबात नकोत. कुसळी गवत या दिवसांत वाळायला लागलेलं असतं, त्याची कुसळं मोज्यात शिरली की घरी येऊन तासभर उपटत बसावं लागतं. परत आल्यावर गुडघ्याच्या मागं आणि कमरेला गोचीड आहे का तेही पाहा.

चिखलदरा म्हणजे काही हिमालय नाही. उंची 1,100 मीटरच्या थोडी वर, बर्फ कधी पडत नाही. पण नाजूकपणा उंचीवरच ठरत नसतो. या पठाराची माती हातभरही जाड नाही, कित्येक ठिकाणी वीतभरच, आणि खाली काळा पाषाण. त्या पाषाणाचे थर आहेत. वरचा भेगाळ, मुरमाड थर पावसाचं पाणी पितो, खालचा टणक थर ते अडवतो, आणि जिथं दोन्हींची सांध उघडी पडते तिथं झिरा फुटतो. वरचं गवत आणि माती म्हणजे या सगळ्याचं तोंड. ते मिटलं की पाणी आत जातच नाही, वरूनच वाहून जातं. आणि हे पाणी फक्त वरच्या लोकांचं नाही. चंद्रभागा, सापन, शहानूर या नद्या याच गाविलगडाच्या डोंगरातून खाली येतात. आमच्या खाली दर्यापूरकडं खारपाणपट्टा आहे, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तिथल्या गावांना शहानूर धरणाचं पाणी नळानं जातं. म्हणून डोंगरावरच्या गवताची गोष्ट ही माझ्या घरच्या माठाचीही गोष्ट आहे.

अर्धा-पाऊण तास चालल्यावर तो झिरा लागला. पंधरा वर्षांपूर्वी मी शाळेची पोरं घेऊन इथं आलो होतो. तेव्हा जांभळीच्या मुळाशी हातभर रुंदीचं स्वच्छ पाणी होतं, काठाला हिरवंगार शेवाळ आणि नेचे, पोरांनी ओंजळीनं प्यायलं होतं. आता त्या जागी खाटेएवढा राबडा होता. काठ कुठला, पाणी कुठलं, कळत नव्हतं. चिखलात खुरांचे खड्डे, एकात एक, प्रत्येक खड्ड्यात चहाच्या बशीएवढं लाल पाणी, त्यावर तेलकट तवंग आणि डासांच्या अळ्या. शेवाळ एका दगडाच्या सावलीला तेवढं उरलं होतं, तळहाताएवढं.

भाचा गुडघ्यावर बसला आणि मला बोटानं दाखवू लागला. दोन फाकांचा ठसा गाई-म्हशीचा. अखंड, वाटोळा, खोल रुतलेला ठसा घोड्याचा. घोड्याच्या ठशात त्यानं बोट घातलं तर ते दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. मग शेजारच्या गवताकडं नेलं. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ती जिभेनं गवताला वेढा घालते आणि ओढते, म्हणून तिनं खाल्लेलं ठोंब वरखाली, फाटलेलं दिसतं. घोड्याला खाली-वर दोन्हीकडं दात. तो कात्रीनं कापल्यासारखं जमिनीलगत खातो. तिथली ठोंबं खरंच दाढी केल्यासारखी सपाट होती. मारवेल, पवन्या अशा गवतांचा जीव त्या बुडख्यात असतो. पुन्हा पुन्हा बुडखा खाल्ला की मुळं आखडतात आणि एका उन्हाळ्यात ठोंब मरतं. मग मोकळ्या झालेल्या जागेत काय येतं? जे कोणी खात नाही ते. तरोटा, रानतुळस, गाजरगवत, कडेकडेनं रायमुनिया, म्हणजे घाणेरी. झिऱ्याभोवती हीच मंडळी होती.

थोड्या अंतरावर लीद पडलेली होती, वाळलेली. भाच्यानं काडीनं फोडली. आत अख्ख्या काड्या, न पचलेलं बी. रवंथ करणाऱ्या जनावराचं शेण मऊ, एकजीव असतं. घोडा रवंथ करत नाही, त्यामुळं त्याला जास्त खावं लागतं आणि बरंचसं तसंच बाहेर पडतं. एका जुन्या ढिगातून बाजरीची दोन रोपं वर आली होती. या पठारावर बाजरी कोणी पेरत नाही. पॉइंटवर पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांच्या तोबऱ्यातलं दाणं पोटातून इथपर्यंत आलं होतं. बाजरीनं काही बिघडत नाही, पण याच वाटेनं तणाचं बीही डोंगरभर फिरतं.

घोडे दिसले ते दुपारी. पाच होते. एक पांढरी घोडी मागच्या पायानं लंगडत होती, तिच्या पाठीवर खोगिराच्या जुन्या जखमेची केस नसलेली जागा. माणूस पाहून ती पळाली नाही, उलट दोन पावलं जवळ आली. कोणीतरी तिला कधी हातानं चारलं असणार.

तेवढ्यात म्हशी घेऊन गवळीबाबा आले. सत्तरीचे असतील. माझी जुनी ओळख, मी त्यांच्या नातवाला शिकवलंय.

"राम राम गुरुजी. इकडं कोनीकडं?"

"झिरा पाहायला आलो बाबा. काय हाल झाला हा. हे घोडे कोणाचे?"

"पह्यले होते मालकाचे. आता कोनाचेच नाहीत. पाय गेला, म्हातारं झालं, पॉइंटवर चालत नाही, त सोडून देल्लं. चार वर्षं झाले. दोन शिंगरं त इथंच झाले."

मी म्हणालो, "पण बाबा, तुमच्या म्हशीही इथंच पाणी पितात ना?"

बाबा रागावले नाहीत. काठी टेकून म्हणाले, "पितात. माह्या बापाच्या म्हशी बी इथंच पेत. पन मी त्याइले थांबवतो का इथं? पाणी पेलं का हाकलतो. दोन दिवस या अंगाले, दोन दिवस त्या अंगाले. पावसाळ्यात ह्या खळग्यात आनतच नाही, जमीन वली असते. संध्याकाळी घरी नेतो. ह्या घोड्याइले कोन हाकलन? रातच्यानं इथंच, दिवसा बी इथंच."

दोन दिवसांत मी जे काही शिकलो ते यात आलं. चराई म्हणजे नाश, असं सरसकट म्हणणाऱ्यांना मी यापुढं बाबांचं हे बोलणं सांगणार आहे. गाविलगडाच्या नावातच गवळी आहे. त्यांच्या ढोरांनी हे गवत शेकडो वर्षं खाल्लं आणि गवत टिकलं, कारण जनावरामागं माणूस होता. उठवणारा, वळवणारा, विसावा देणारा. माणूस गेला की जनावर तिथंच थांबतं जिथं सोपं आहे, म्हणजे पाण्यावर.

आणि हे लिहिताना एक गोष्ट लपवली तर सगळंच खोटं होईल. आठ वर्षांपूर्वी आमच्या घरी ट्रॅक्टर आला. ढवळ्या बैल म्हातारा झाला होता. 2015 पासून राज्यात गाईसोबत बैलाचीही कत्तल बंद आहे, बाजारात म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नव्हतं. एका गोरक्षणात विचारलं, तिथं जागा नव्हती. वैरण विकत घ्यायची तर संत्र्याचा भाव पडलेला. एका रात्री मी आणि माझ्या भावानं त्याला पायथ्याशी नेऊन सोडलं. दावं सोडल्यावरही तो बराच वेळ आमच्यामागं येत राहिला. त्यानं जिवंतपणी कुठला झिरा तुडवला असेल, कोण जाणे. त्या पांढऱ्या घोडीच्या मालकाला मी शिव्या देऊ शकत नाही.

मग डबा काढला. ही परीक्षा कोणालाही करता येते, म्हणून नीट सांगतो. दोन्हीकडून उघडा डबा दोन बोटं जमिनीत ठोकायचा. एक लिटर पाणी आत ओतायचं. पाणी जिरायला किती वेळ लागतो ते पाहायचं. आधी खडकांच्या बेचक्यात, जिथं खूर पोचत नाही आणि गवत गुडघ्याला लागतं, तिथं ठोकला. पाणी ओतून मी बाटलीचं झाकण लावेपर्यंत निम्मं गेलेलं. मग झिऱ्याच्या वरच्या अंगाला, घोड्यांच्या वाटेवर. तिथं डबा आत जाईना, दगडानं ठोकावा लागला. पाणी ओतलं. आम्ही भाकरी सोडली, कांदा फोडला, जेवलो, बाबांनी तंबाखू मळली, आणि पाणी डब्यात होतंच. बाबा वाकून पाहत राहिले. म्हणाले, "म्हंजे पाऊस बी असाच वर राह्यत असन."

जेवताना भाच्यानं त्याच्याकडची हकीगत सांगितली. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात कोशियुस्को राष्ट्रीय उद्यान आहे, त्या देशाच्या मुख्य भूमीवरचं सगळ्यात उंच शिखर, 2,228 मीटरचं, तिथंच. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात दलदल. त्या दलदलीत स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं, ते स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं आणि सावकाश नद्यांना सोडतं. भाच्याच्या शहराजवळून वाहणारी मरमबिजी नदी तिथूनच निघते. हे शेवाळ अतिशय हळू वाढतं. त्यावर चारशे किलोचं जनावर रोज चालू लागलं की ते दबतं, फाटतं, मधून पाण्याचा ओहोळ कापला जातो आणि दलदल आटते. त्या खंडात खूर असलेला एकही प्राणी मूळचा नाही. घोडा 1788 मध्ये इंग्रजांच्या जहाजांतून आला. तिथल्या जमिनीला खुराची सवयच नाही. आपल्याकडं निदान गवा-सांबराचे खूर पूर्वापार आहेत.

त्याच दलदलीत कोरोबोरी नावाचा बेडूक असतो, अंगठ्याच्या पेराएवढा, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा. शेवाळाच्या ओलाव्यात अंडी घालतो. तो आज नामशेष व्हायच्या बेतात आहे. मुख्य कारण एक बुरशीचा रोग, घोडे नव्हेत, हे भाच्यानं दोनदा बजावलं. पण रोगातून वाचलेल्या थोड्याशा बेडकांना अंडी घालायला जागा लागते, आणि ती जागा घोड्याच्या पायाखाली आहे.

मी विचारलं, मग हटवत का नाहीत? तर ती गोष्ट आपल्यासारखीच निघाली. तिथल्या लोकांचाही घोड्यावर जीव. 2000 साली त्याच राज्यातल्या दुसऱ्या एका उद्यानात हेलिकॉप्टरमधून 606 घोडे मारले गेले. लोक हळहळले, चिडले, आणि सरकारनं तसं मारणं बंद केलं. 2018 मध्ये तर कोशियुस्कोतल्या घोड्यांना वारसा म्हणून जपणारा कायदा आला. धरून नेऊन लोकांना पाळायला देणं चालू होतं, पण ते पुरत नव्हतं. नोव्हेंबर 2022 च्या मोजणीत अंदाज आला 18,814. तो आकडा जून 2027 पर्यंत 3,000 वर आणायचं ठरलेलं होतं. शेवटी 2023 मध्ये हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालायला पुन्हा परवानगी द्यावी लागली.

"मामा, जे लोक प्रेमापोटी थांबा म्हणाले, त्यांच्या वेळी घोडे थोडे होते," भाचा म्हणाला. "तेव्हाच धरून, सांभाळून, खच्ची करून भागलं असतं."

पाच घोड्यांकडं पाहत मी ते ऐकत होतो. आपल्याकडं आत्ता पाच आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैराटच्या सफारीला गेलो. जिप्सी आणि वाटाड्या सोबत असतो, वेळा आणि बंद दिवस आधी विचारून घ्या, पावसाळ्यात नियम बदलतात. वैराट हे मेळघाटातलं सगळ्यात उंच ठिकाण, 1,178 मीटर. इथलं गाव व्याघ्रप्रकल्पातून उठून खाली गेलं त्याला बरीच वर्षं झाली. जिथं शेतं होती तिथं आता कमरेएवढं कुरण आहे. सकाळच्या उन्हात सांबराच्या चार माद्या त्यात उभ्या होत्या, फक्त कान आणि पाठ दिसत होती. सुंदर दिसतं, यात शंका नाही. पण आमचा वाटाड्या कोरकू होता, त्यानं एका मोहाच्या झाडाकडं बोट दाखवून आजोबांचं घर तिथं होतं असं सांगितलं, आणि पुढं तो बराच वेळ काही बोलला नाही. गवत परत यावं म्हणून गाव उठवायला लागावं, ही किंमत मोठी आहे. मोथ्याच्या झिऱ्याला ती द्यावी लागू नये असं मला मनापासून वाटतं.

दुपारी पुन्हा झिऱ्यावर. बाबांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, ते नातवाला आणि कोयत्याला घेऊन आले. झिरा कुठं फुटतो ती जागा त्यांनीच दाखवली, राबड्याच्या वर दोन हात, दगडाखाली. तेवढीच जागा वाचवायची, बाकीची आपोआप सुधारते. भोवती काटेरी कुंपण करायचं ठरलं. बोरीच्या फांद्या आणल्या, कमी पडल्या म्हणून रायमुनिया कापली. भाच्यानं एक गोष्ट लक्षात आणून दिली ती तुम्हीही ध्यानात ठेवा : फळं धरलेली रायमुनिया कुंपणाला वापरू नका, पाखरं ते बी पाण्याच्या तोंडाशीच टाकतील. बाबांच्या गोठ्यातला प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा झिऱ्याखाली बसवला आणि पाणी दहा-बारा पावलं खाली, खडकाळ जागी ठेवलेल्या दगडी डोणीत सोडलं. तिथं म्हशी पितील, घोडेही पितील. कोणाचं पाणी तोडायचं नव्हतं. खडकावर खूर पडला तर काही बिघडत नाही, एवढंच.

तीन तास गेले. हात ओरबाडले. उन्हं उतरायच्या वेळेला डोणीत वीतभर पाणी साठलं आणि ती पांढरी घोडी सगळ्यात आधी आली. पिऊन झाल्यावर तिनं डोकं वर केलं, ओठांवरून पाणी गळत होतं. बाबांचा नातू म्हणाला, तिचा पाय गुरांच्या डॉक्टरला दाखवू. पंचायतीकडं पाचही घोड्यांसाठी अर्ज द्यायचं ठरलं आहे. दोन नरांना खच्ची करून घ्यायचं, मालक पुढं आला तर उत्तम, नाही आला तर गावानं आळीपाळीनं रात्री बांधायचं. वैरणीच्या खर्चातला वाटा मी कबूल करून आलो आहे.

तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर सोबत एखादा जुना डबा न्या आणि परीक्षा करून पाहा. झिऱ्याचं पाणी सध्या पिऊ नका, बाटली घरून भरून न्या. घोड्यांना बिस्किटं देऊ नका, ते वाटेवर येऊन थांबतात आणि तीच जागा तुडवतात. गवळ्यांकडून खवा घ्या, ताजा असतो, चार पैसे त्यांच्या घरी जातात. कुंपणाला डाव्या अंगाला एक सुटी काटी आहे, तेच फाटक. आत जावं लागलं तर निघताना ती परत लावा, बुंधा आत आणि काटेरी शेंडा बाहेर. उलटी लावली तर घोडा दातानं ओढून काढतो.